बातमी आपल्याच माणसाची असते तेव्हा

वाचकाचा प्रश्न (ओळख पटू नये म्हणून काही तपशील गाळून, थोडक्यात):

"मी आमच्या समाजाच्या मासिकाची मानद संपादक आहे. निवृत्तीनंतर हे काम हौसेनं अंगावर घेतलं. अंकात वधू-वर सूची, दहावी-बारावीचे गुणवंत, निधनवार्ता, कुलदैवताच्या उत्सवाचा वृत्तान्त असं सगळं असतं. तीन महिन्यांपूर्वी समाजातल्याच मंडळींनी चालवलेल्या पतसंस्थेच्या अध्यक्षांना ठेवींच्या अपहाराच्या आरोपावरून अटक झाली. ते आमच्या ज्ञातिसंस्थेचे माजी विश्वस्त. संस्थेनंच त्यांना 'समाजभूषण' पुरस्कार दिला होता, तेव्हा मुखपृष्ठावर त्यांचा फोटो होता. पतसंस्थेची जाहिरात आमच्या मलपृष्ठावर वर्षानुवर्षं येत होती. शहरातल्या वृत्तपत्रांनी अटकेची बातमी दिली, आमच्या तीन अंकांत मात्र त्याबद्दल एक ओळही नाही. विश्वस्त म्हणतात, 'पेपरात आलं ते पुरे झालं. आपली अब्रू आपणच कशाला चव्हाट्यावर मांडायची? कोर्टाचा निकाल लागू दे.' ठेवीदार फोन करून विचारतात, 'आमचे पैसे अडकले आणि तुम्ही गप्प कशा?' त्यात काही जणांचा आग्रह आहे की अध्यक्षांच्या मुलीचं नाव वधू-वर सूचीतून काढून टाका. त्या मुलीला मी लहानपणापासून ओळखते. बातमी छापू की नको? छापली तर कशी?"

ताई,

आधी उत्तर देते, कारणं मागून. बातमी छापा, पुढच्याच अंकात छापा. आणि मुलीचं नाव सूचीत जसं आहे तसं राहू द्या. या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात आहेत असं तुमच्या आजूबाजूच्या अनेकांना वाटत असेल. मला त्या एकाच न्यायबुद्धीतून आलेल्या वाटतात.

तुमच्या पत्रात समाजाच्या अब्रूची काळजी विश्वस्त करताहेत आणि ठेवीदार जणू बाहेरून येऊन तक्रार करताहेत, असं चित्र उमटतं. पण हे ठेवीदार कोण आहेत? पतसंस्था समाजाची, म्हणजे बहुतेक ठेवीदारही समाजाचेच असणार. कुणी निवृत्तीची रक्कम ठेवली असेल, कुणी मुलीच्या लग्नासाठी साठवलं असेल, नवऱ्यामागे आलेले विम्याचे पैसे एखाद्या बाईंनी तिथेच ठेवले असतील. यांच्याच घरच्या निधनवार्ता आणि गुणवंतांचे फोटो तुम्ही छापता. अध्यक्ष एक आहेत, हे शेकडो असतील. तरी 'समाजाची अब्रू' म्हटलं की डोळ्यांपुढे त्या एकाची अब्रू येते. विश्वस्तांशी बोलताना सुरुवात इथूनच करा: आपण समाज म्हणतो तेव्हा त्यात ठेवीदार येतात की नाही?

या लोकांनी राष्ट्रीयीकृत बँक सोडून पतसंस्थेत पैसे का ठेवले? व्याज थोडं जास्त मिळत असेल, पण तेवढ्यावर कुणी आयुष्याची पुंजी ठेवत नाही. माणूस ओळखीचा होता, आपला होता. बँक बुडाली तर ५ लाख रुपयांपर्यंतच्या ठेवीला विमा संरक्षण असतं, सहकारी बँकांनाही असतं. पतसंस्थेतल्या ठेवीला हे संरक्षण नाही. हा फरक कित्येक ठेवीदारांना अजूनही माहीत नसतो. तिथे विम्याची जागा विश्वासानं घेतलेली असते, आणि त्या विश्वासात तुमच्या मुखपृष्ठाचा आणि मलपृष्ठाचा वाटा आहे. तुमच्यावर दोष ठेवण्यासाठी हे लिहीत नाही. जाहिरात घेताना तुम्हाला आतलं काही ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. पण ज्या पानावरून तो विश्वास घरोघरी गेला, त्याच पानावरून पुढे काय घडलं हेही घरोघरी जायला हवं.

आपल्या माणसांच्या विश्वासावर चालणारी फसवणूक जगभर होते. लोकांचे पैसे गुंतवण्याचा व्यवसाय करणाऱ्या न्यूयॉर्कच्या बर्नार्ड मेडॉफला फसवणुकीबद्दल डिसेंबर २००८ मध्ये अटक झाली, तेव्हा बुडालेल्यांत ज्यू समाजाच्या धर्मादाय संस्था मोठ्या संख्येनं होत्या. तो स्वतः ज्यू होता आणि येशिवा या ज्यू विद्यापीठाच्या विश्वस्त मंडळाचा खजिनदार होता. त्या विद्यापीठाचेही पैसे गेले. घरातल्यानं घरच्यांनाच फसवलं असेल, तर त्याची बातमी घरच्यांना कळणं हा त्यांचा हक्क आहे.

आता 'पेपरात आलं ते पुरे' या म्हणण्याकडे येऊ. शहरातल्या वृत्तपत्राच्या बातमीत काय असतं? नाव, रक्कम, कलमं, पोलीस ठाणं. दोन दिवसांनी ती विषयांतून जाते. तुमच्या ठेवीदाराला पुढे काय करायचं हे त्यात नसतं, आणि परगावी राहणाऱ्या तुमच्या कित्येक वर्गणीदारांपर्यंत ती पोचलेलीही नसते. इथे तुमचं मासिक जे करू शकतं ते कोणतंही मोठं वृत्तपत्र करणार नाही. ठेवपावत्या आणि पासबुकं मूळ स्वरूपात सांभाळा, कुणी 'नूतनीकरणासाठी' मागितली तरी प्रत ठेवल्याशिवाय देऊ नका, हे सांगा. तपास आर्थिक गुन्हे शाखेकडे गेला असेल तर ठेवीदारांचे जबाब कुठे नोंदवले जातात ते विचारून छापा. १९९९ चा ठेवीदार संरक्षणाचा कायदा, ज्याला सगळे एमपीआयडी म्हणतात, लावला गेला आहे का ते पाहा. लावला असेल तर संचालकांची मालमत्ता जप्त होऊ शकते, सक्षम प्राधिकारी म्हणून महसूल खात्यातला वरिष्ठ अधिकारी नेमला जातो आणि प्रकरण विशेष न्यायालयापुढे चालतं. सहकार खात्याचा रस्ता वेगळा आहे. तिथे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ८३ खाली चौकशी आणि कलम ८८ खाली नुकसानीची जबाबदारी निश्चित करणं अशा पायऱ्या असतात. फौजदारी खटला चालू आहे म्हणून सहकार खात्याकडे जायचं नाही, असा गैरसमज सर्रास आढळतो. सहायक निबंधकांच्या कार्यालयाचा पत्ता आणि एक सविस्तर चौकट छापलीत, तर ती कात्रणं लोक वर्षभर जपून ठेवतील.

'कोर्टाचा निकाल लागू दे' या आग्रहात एक रास्त गोष्ट आहे आणि एक नाही. निकालाआधी तुम्ही अध्यक्षांना दोषी ठरवू नये, हे रास्त. निकालापर्यंत गुन्हा नोंदवला गेल्याचंही सांगू नये, हे रास्त नाही. अशा खटल्यांना वर्षानुवर्षं लागतात आणि तेवढ्यात वयस्कर ठेवीदार हे जग सोडून जातात. अटक झाली ही घडलेली गोष्ट आहे, अपहार केला हा आरोप आहे. दोन्ही वेगळे ठेवून लिहिता येतं. नमुना देते, मोकळ्या जागा तुम्ही भरा:

'अमुक पतसंस्थेतील ठेवींच्या अपहारप्रकरणी संस्थेचे अध्यक्ष श्री. — यांच्यावर — पोलीस ठाण्यात — रोजी गुन्हा नोंदवण्यात आला (गुन्हा क्रमांक —). त्यांना — रोजी अटक झाली. फिर्यादीत अपहाराची रक्कम — इतकी नमूद आहे. हे आरोप न्यायालयात अद्याप सिद्ध झालेले नाहीत. श्री. — यांच्या वकिलांकडे आम्ही लेखी प्रतिक्रिया मागितली, ती अशी: —. श्री. — हे आपल्या संस्थेचे — ते — या काळात विश्वस्त होते. संस्थेने — साली त्यांना समाजभूषण पुरस्कार दिला होता. या पतसंस्थेची जाहिरात आपल्या मासिकात — पासून — पर्यंत प्रसिद्ध होत होती.'

शेवटची तीन वाक्यं गाळावीत असा दबाव सगळ्यात जास्त येईल. ती गाळू नका. बाकीचं कुठेही वाचायला मिळेल, ही माहिती फक्त तुमच्याकडे आहे, आणि ती सांगितलीत तरच उरलेल्यावर वाचकांचा विश्वास बसेल.

विशेषणं मात्र एकही नको. 'घोटाळेबाज', 'ठेवीदारांना गंडा', 'मुखवटा गळून पडला' यांतलं काहीही नको. अटकेचा किंवा पोलिसांच्या गाडीतला फोटो नको. बदनामीचा गुन्हा आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे आणि दोन वर्षांपर्यंत साध्या कैदेची तरतूद आहे. तिथेच अपवादही दिले आहेत: सार्वजनिक हितासाठी सांगितलेलं सत्य, न्यायालयाच्या कामकाजाचा खरा वृत्तान्त, वगैरे. अपवादांचा आधार हवा तर कागद हातात हवा. बहुतेक एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकावे लागतात, सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा तसा आदेश आहे. संवेदनशील गुन्हे तेवढे त्यातून वगळलेले असतात. खटल्याचा सीएनआर क्रमांक (प्रत्येक खटल्याला मिळणारा स्वतंत्र नोंद क्रमांक) मिळवून ठेवला की पुढच्या प्रत्येक तारखेला काय झालं ते न्यायालयाच्या ई-सेवेवर बघता येतं. ऐकीव माहितीची एक ओळही घालू नका, सांगणारा कितीही जवळचा असला तरी.

आणि आजच ठरवून टाका की पुढे जे होईल तेही छापणार. दोषारोपपत्र, जामीन, निकाल, सगळं. ते निर्दोष सुटले तर ती बातमी आजच्या बातमीइतक्याच जागेत आणि त्याच पानावर येईल, हे पहिल्याच बातमीखाली लिहून टाका. छोट्या नियतकालिकांचा खरा अन्याय मला इथे दिसतो. अटक सगळ्यांना कळते, सुटका कुणालाच कळत नाही, आणि त्या माणसाला मरेपर्यंत त्याच नजरा झेलाव्या लागतात.

हे पत्र वाचून इतर समाजांच्या मासिकांचे संपादक, परदेशातल्या मराठी मंडळांच्या वार्तापत्रांची जबाबदारी सांभाळणारे कार्यकर्ते विचारतील: मग आपल्यातल्या कुणीही काहीही केलं की छापायचं का? नाही. समाजातल्या एखाद्या तरुणानं दारू पिऊन गाडी ठोकली, भावाभावांत जमिनीवरून मारामारी झाली, या बातम्या ज्ञातिमासिकात आणण्याचं कारण नाही. त्या फक्त चघळल्या जातील. मी स्वतः एक प्रश्न विचारते: हा गुन्हा करताना, किंवा त्याचा आरोप ज्या काळाबद्दल आहे त्या काळात, समाजानं दिलेलं पद, समाजाची वास्तू, समाजाचा पैसा किंवा समाजाचा विश्वास वापरला गेला का? वापरला गेला असेल तर बातमी द्यायलाच हवी, माणूस कितीही मोठा असो. वापरला गेला नसेल तर थांबावं, माणूस कितीही नावडता असो. विद्यार्थी वसतिगृहाचा व्यवस्थापक, संस्कारवर्ग घेणारे गुरुजी, विवाह मंडळात स्थळं दाखवण्यासाठी पैसे घेणारा मध्यस्थ, शिष्यवृत्ती निधीचा कोषाध्यक्ष हे सगळे या कसोटीत येतात. ज्याला आपण व्यासपीठावर बसवून गौरवलं, त्याच्यावर पत्नीच्या छळाचा गुन्हा दाखल झाला तर? ही जागा अवघड आहे. माझा कल असा की बातमी त्या बाईंच्या इच्छेशिवाय देऊ नये, पण त्या माणसाचे सत्कार आणि फोटो त्याच दिवशी थांबवावेत.

लैंगिक गुन्ह्यांबाबत कायदा फार स्पष्ट आहे आणि छोट्या समाजात तो अधिकच काटेकोरपणे पाळावा लागतो. पीडितेची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. पीडित मूल असेल तर पॉक्सो कायद्याचं कलम २३ लागतं. त्यात नाव, पत्ता, फोटो, शाळा, कुटुंबाचे तपशील, शेजार यांतलं काहीही देता येत नाही आणि प्रकाशकही जबाबदार धरला जातो. मोठ्या वृत्तपत्राच्या वाचकाला 'नात्यातल्या व्यक्तीवर गुन्हा' एवढ्यावरून काही कळत नाही. तुमच्या वाचकाला गाव आणि आडनाव कळलं की अख्खं घर कळतं. म्हणून अशा प्रकरणात कधी कधी आरोपीचं नावही देता येत नाही, कारण त्याच्या नावामागून मुलीचं नाव येतं. तिथे 'वसतिगृहात अशी घटना घडली आहे, पालकांनी इथे संपर्क साधावा' एवढंच सांगावं, पण तेवढं सांगावंच.

धर्मसमाजांच्या पत्रांनी हा प्रसंग पूर्वीच अनुभवला आहे. अमेरिकेत कॅथलिक धर्मगुरूंनी केलेल्या मुलांच्या लैंगिक शोषणाचा विषय बोस्टनच्या एका मोठ्या दैनिकानं २००२ मध्ये जगापुढे आणला, हे पुष्कळांना माहीत असतं. त्याच्या सतरा वर्षं आधी, जून १९८५ मध्ये, नॅशनल कॅथलिक रिपोर्टर या कॅथलिकांनीच कॅथलिकांसाठी चालवलेल्या साप्ताहिकानं लुइझियानातल्या एका धर्मगुरूच्या प्रकरणाच्या निमित्तानं हाच प्रश्न मांडला होता. तेव्हाच धर्मपीठानं ऐकलं असतं तर किती मुलं वाचली असती. न्यूयॉर्कच्या ज्यू वीक या साप्ताहिकानं जून २००० मध्ये एका नामांकित युवक संघटनेच्या रब्बीवरचे, म्हणजे ज्यू धर्मगुरूवरचे, आरोप छापले. कुणाबद्दल वाईट बोलणं, ते खरं असलं तरी, त्या परंपरेत पाप मानतात. संपादकांना तेही ऐकून घ्यावं लागलं. मुळात कुजबूज कित्येक वर्षं चालू होती आणि वरिष्ठांना ठाऊक होती. लेख आल्यावर रब्बीला पद सोडावं लागलं, संघटनेला चौकशी समिती नेमावी लागली, आणि २००२ मध्ये न्यायालयानं त्याला दोषी ठरवलं. बाहेरच्या पत्रकाराला जे उलगडायला वर्षं लागतात ते आतल्या संपादकाच्या कानावर आधीच आलेलं असतं. तुमचं बळ त्यात आहे आणि जबाबदारीही.

विश्वस्तांची भीती सगळीच खोटी आहे असं मात्र म्हणवत नाही. काही समाजांना बदनामीची फार मोठी किंमत मोजावी लागली आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं पारधी, कैकाडी अशा जमातींच्या कपाळी जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला. कायदा १९५२ मध्ये गेला तरी आजही एकाच्या गुन्ह्याच्या बातमीत जमातीचं नाव मथळ्यात येतं आणि पोलीस पालावर पोचतात. त्या समाजातल्या संपादकानं बातमी देताना दहा वेळा विचार केला तर मी त्याच्या बाजूनं उभी राहीन. तुमच्या समाजाला तो धोका आहे का, हे विश्वस्तांना प्रामाणिकपणे विचारा. एका अध्यक्षाच्या अटकेवरून कुणी तुमच्या मुलांना नोकरी नाकारणार नाही. थोडी लाज वाटेल, चार ठिकाणी प्रश्न विचारले जातील. तेवढं सोसावं. डॉ. आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० च्या 'मूकनायक'च्या पहिल्या अंकात, एकाच जातीचं हित पाहणाऱ्या पत्रांबद्दल लिहिताना, आगबोटीतल्या दुसऱ्याच्या खोलीला भोक पाडणाऱ्या उतारूचं उदाहरण दिलं होतं. बोट बुडाली की तोही आज ना उद्या बुडणारच.

मुलीबद्दल. तिनं काहीही केलेलं नाही. वडिलांवरच्या आरोपासाठी तिचं नाव सूचीतून काढा, असा ठराव कुणी मांडला तर २०१६ चा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा त्यांच्यापुढे ठेवा. तो महाराष्ट्रात ३ जुलै २०१७ पासून लागू आहे आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. कायदा नसता तरी माझं उत्तर हेच असतं. बातमीत कुटुंबातल्या कुणाचाही उल्लेख नको. अंक निघण्याआधी एकदा त्यांच्या घरी जा, बातमी येणार आहे हे स्वतः सांगा. मजकूर मंजुरीसाठी दाखवायचा नाही, फक्त कल्पना द्यायची. त्या मुलीला ही गोष्ट दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळू नये.

विश्वस्तांकडे जाताना दोन प्रश्न लेखी घेऊन जा. पहिला, आपल्या संस्थेचा शिष्यवृत्तीचा किंवा इमारतीचा निधी त्या पतसंस्थेत ठेवला आहे का? सार्वजनिक विश्वस्त संस्थांनी पैसा कुठे ठेवावा यावर कायद्याची बंधनं आहेत, आणि निधी अडकला असेल तर सभासदांना ते कळलंच पाहिजे. दुसरा, आजच्या विश्वस्तांपैकी कुणी त्या पतसंस्थेत संचालक, कर्जदार किंवा जामीनदार आहे का? असेल तर त्यांनी या विषयावरच्या निर्णयात बसू नये. मला कुणावर संशय घ्यायचा नाही, पण ही उत्तरं मिळाल्याशिवाय 'समाजाच्या हितासाठी गप्प राहू' याचा अर्थ तुम्हाला कळणार नाही.

ते नाहीच म्हणाले तर चोरून छापू नका. मासिक संस्थेचं आहे, लपूनछपून छापलंत तर चर्चा तुमच्यावर वळेल आणि ठेवीदार मागे पडतील. नकार लेखी मागा आणि तो वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे ठेवण्याची नोटीस द्या. ठेवीदारांसाठीची माहितीची चौकट नाव न घेता तरी छापू द्या, असं सुचवून बघा. बहुतेक ठिकाणी एवढ्याला होकार मिळतो आणि पुढचा रस्ता तिथूनच निघतो. तीही नाकारली, तर संपादक म्हणून अंकावर छापलं जाणारं तुमचं नाव काढून घ्यायची वेळ आली असं मी समजेन. राजीनाम्यात कारण एका वाक्यात लिहा.

होकार मिळाला तर बातमी छपाईला पाठवण्याआधी एखाद्या वकिलाला दाखवा, शक्यतो समाजाबाहेरच्या. मग वाचकांची पत्रं येतील, रागाची आणि आभाराची. नाव-पत्ता असलेली दोन्हीकडची छापा, निनावी एकही नको. आणि ठेवीदारांचे फोन आले की एका वहीत नोंदवत चला: नाव, पावतीची तारीख, रक्कम. त्यांची परवानगी असेल तर ती यादी तपास अधिकाऱ्यांच्या उपयोगी पडेल.